स्पीकरला काही झालेलं नाही

…नाही, मग झालंय तरी कुणाला? मला? दुकानदार म्हणतो, स्पीकरला काही झालेलं नाही. शेजारचा देलफिन म्हणतो, स्पीकरला काही झालेलं नाही. आमची बायको लिगाया, जी सध्या जगाच्या पार पलीकडच्या टोकाला टोरांटोत जाऊन बसलीये, जिनं ते स्पीकर डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा नाहीत, ती फोनवरून म्हणते, "पोन्सिंग, स्पीकरला काही झालेलं नाही, तुलाच काहीतरी झालंय!" बरं बाई! मला झालंय! पण मग ती गाणारी बाई माझ्या खोलीत आली की बादलीत तोंड घालून का गाते, याचं उत्तर कुणीतरी द्या ना!

तुम्हाला सांगतो, मी काही शौकीन वगैरे माणूस नाही. मी आचारी. मालवाहू जहाजावरचा आचारी. जन्म गेला दर्यावर. गाणं ऐकायचं म्हणजे काय, तर भटारखान्यात मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवायचा, म्हणजे आवाज जरा मोठा होतो. इकडे पातेल्यातली बाई जीव तोडून म्हणतेय, 'ये रे साजणा', तिकडे कढईतलं तेल म्हणतंय 'चर्रर्र', वर धुराचा पंखा 'घर्रर्र', आणि खालून इंजिन… इंजिनाचं तर विचारूच नका, ते आमच्या दातांतून ऐकू यायचं! असं अर्धं अर्धं ऐकलेलं गाणं माझ्याकडे पोतंभर आहे. एकाही गाण्याचा शेवट मला माहीत नाही. शेवट यायच्या आत मासा करपायचा!

तर त्या जहाजावर आमचा एक चीफ इंजिनियर होता, ग्रीक. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही, जेवण चांगलं झालं तर मान हलवायची आणि वाईट झालं तरी तीच मान तशीच हलवायची. एकदा मी त्याला कॉफी द्यायला गेलो. दार अर्धं उघडं. आणि आतून… बाई! अहो, जहाजावर बाई! मी कॉफी घेऊन दाराबाहेर उभा. आत जावं तर पंचाईत, न जावं तर कॉफी गार. ती आपली गातेय, हळूच, कुणाच्या तरी कानाशी गावं तशी. मधे थांबून श्वास घेतेय, तो ऐकू येतोय! शेवटी त्या बाबानं मला पाहिलं. उठला. स्वतःच्या खुर्चीत मला बसवलं. समोर फळीवर दोन छोटे लाकडी डबे. आणि त्या दोन डब्यांच्या बरोबर मधे, जिथे काहीही नाही, नुसती हवा, तिथे ती उभी! डाव्या डब्यात नाही हो, उजव्या डब्यात नाही, मधे! मी मान वाकवून डब्यांच्या मागे बघितलं. ग्रीक हसला. जन्मात पहिल्यांदा हसला असेल.

त्या दिवशी मी ठरवलं. दर्या सोडला की घरी वरची खोली, फळीवर दोन डबे, समोर मी आणि लिगाया. बस्स. बाकी काही नको. ही काय मोठी मागणी झाली? नाही ना?

मग मी घरी आलो. आणि मी घरी आलो तर घर निघून गेलं!

झालं काय, आमच्या मायलीनला टोरांटोत बाळ झालं. लिगाया म्हणाली, "जाऊन येते रे, पोरीला एकटीला जमायचं नाही. थंडी संपेपर्यंत फक्त." म्हटलं, जा. आता मला काय माहीत, तिकडची थंडी संपतच नाही! पहिली थंडी गेली, बाळाला दात आले. दुसरी थंडी गेली, बाळ चालायला लागलं. आता म्हणे ते पळतं, त्याला धरायला कुणीतरी हवं! म्हणजे बघा, मी जहाजावर होतो तेव्हा ती घरून विचारायची, "जेवलास का?" आता मी घरी आहे आणि ती तिकडून विचारते, "जेवलास का?" अहो, मी आचारी आहे! मी जेवलोय! एवढा स्वयंपाक करतो की दुसऱ्या दिवशीही तेच जेवतो!

असो. स्पीकर. स्पीकरचं सांगत होतो.

गेलो राओनला. कियापो बाजाराच्या मागची ती स्पीकरवाल्यांची गल्ली, तिथे प्रत्येक दुकानदार आपापले स्पीकर रस्त्याकडे तोंड करून एकाच वेळी वाजवतो. एकाचं नाचाचं गाणं, दुसऱ्याची प्रार्थना, तिसरा नुसताच 'हॅलो हॅलो माइक टेस्टिंग'. माणूस या टोकाला शिरला की त्या टोकाला बहिरा होऊनच निघतो. त्यात एक बॉस हेनारो म्हणून. दातात काडी, बोलणं नाकातून. "कॅय हॅवंय, कुया?" कुया म्हणजे आमच्याकडे दादा. मी त्याला ग्रीक सांगितला, बाई सांगितली, हवा सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे बुकशेल्फ स्पीकर. पुस्तकांच्या फळीत ठेवतात ते." मी म्हटलं, घरात पुस्तक एकच, बायबल, तेही बायको घेऊन गेली. "चॅलतंय, पुस्तक नसलं तरी वॅजतो." आणि तळातून एक जोडी काढली. स्वस्तातली. लाकूड म्हणजे भुसा दाबून केलेलं, वर लाकडाचं चित्र चिकटवलेलं. पण वाजवून दाखवली आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला! त्या एवढ्याशा दुकानात, छतापर्यंत रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांमधे, हेनारोच्या गंजिफ्रॉकसमोर, हवेत… ती! उभी! तीच ती!

जीपनीतून, आमच्याकडच्या त्या भाड्याच्या लांबड्या जीपमधून, आणताना खोकं मांडीवर, दोन्ही हात गुंडाळून. शेजारची बाई म्हणाली, "पिल्लू आहे का?" म्हटलं, हो, दोन आहेत.

घरी आलो. वरच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर दोन डबे ठेवले. समोर खुर्ची. मधे अंतर बरोबर घेतलं, डब्यांची तोंडं जरा आत वळवली, हेनारोनं सांगितलं होतं तसं. अंघोळ केली. हसू नका! धुतलेला शर्ट घातला. बसलो. लावलं एक जुनं कुंदिमान, आमच्याकडचं विरहाचं गाणं, नुसती गिटार आणि बाई. आणि…

बादली! बाई बादलीत! गिटारची एक तार छेडली की ती आधी चारही भिंतींना भेटायची, सगळ्यांची विचारपूस करायची आणि मग सवडीनं माझ्याकडे यायची, तोवर पुढची तार निघालेली! आणि तो खालचा सूर, बास, तो कोपऱ्यात जाऊन बसला, पोटात वारा धरलेल्या माणसासारखा, ढुम्… ढुम्… मी उठलो, डबे हलवले. खुर्ची हलवली. स्वतः हललो. डोकं भिंतीला लावून ऐकलं, गुडघ्यावर बसून ऐकलं. शेजारचा देलफिन जिना चढून आला तेव्हा मी टाइल्सवर आडवा पडून ऐकत होतो.

हा देलफिन म्हणजे जीपनी चालवतो आणि व्हिडिओके भाड्यानं देतो. वाढदिवस, बारसं, मयत, काहीही असो, याचं ते गाण्याचं यंत्र आणि याचे ते कपाटाएवढे काळे स्पीकर जातात. याचं म्हणणं, आवाज छातीत लागला पाहिजे, कानाचं काय काम? त्यानं उकिडवं बसून माझे डबे पाहिले, बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "कुया, स्पीकरला काही झालेलं नाही. लहान आहेत बिचारे. वाढतील."

आता याला काय म्हणायचं?

पुन्हा राओन. पुन्हा ते 'हॅलो हॅलो'. हेनारोनं डबे लावले. आणि ती हजर! स्वच्छ! समोर! हेनारो माझ्याकडे बघतोय, मी डब्यांकडे बघतोय. "स्पीकरला कॅही झॅलेलं नाही, कुया. खोलीत कॅय कॅय आहे तुमच्या?"

"खोलीत? मी."

"आणखी?"

"दोन स्पीकर."

"आणि?"

"…खुर्ची. मी बसलो ती."

त्यानं दातातली काडी काढली. प्रकरण गंभीर होतं म्हणजे. म्हणाला, "सोफा? पडदे? गालिचा?" म्हटलं, बाबा रे, आम्ही मारिकिनाचे. नदीकाठचे. तो म्हणाला, "हां…" राओनमध्ये मारिकिना म्हटलं की कुणाला पुढचं सांगावं लागत नाही. मोठा पूर आला तेव्हा मी जहाजावर होतो, लिगाया एकटी छपरावर बसून होती. नंतर सोफा, पडदे, गाद्या, सगळं चिखलाचं होऊन गल्लीत पडलं. तेव्हापासून लिगायाचा कायदा असा, की जी वस्तू पाणी पिते ती घरात येणार नाही! खाली टाइल, वर टाइल, खुर्च्या प्लास्टिकच्या, खिडक्या काचेच्या. गादी एक, तीही खाली, माझी. घर असं आहे की नळी लावून धुता येतं. हे सगळं ऐकून हेनारो म्हणाला, "तेच तॅर! जे पाणी पीत नाही, ते आवाजही पीत नाही. आवाजाला कुठेतरी टेकायला लागतं. गादी ठेवा, उशा ठेवा, तांदळाचं पोतं कोपऱ्यात ठेवा. आणि सगळ्यात चॅंगलं म्हणजे माणसं. पोटं, कपडे, केस… माणसासारखं कॅही आवाज पीत नाही. घरात माणसं नाहीत का?"

पलीकडच्या दुकानातला ओरडत होता, 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' मी म्हटलं, गादी आहे.

घरी येताना लिगायाचा फोन. "कुठून बोलतोयस?" म्हटलं, रस्त्यातून. "तरीच. आज ऐकू येतंय. एरवी घरून बोललास की वाटतं मोरीतून बोलतोयस." तर हिलासुद्धा ऐकू यायचं! टोरांटोपर्यंत ऐकू यायची आमची रिकामी खोली! आणि म्हणे स्पीकरला काही झालेलं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी लागलो कामाला. आमच्या घराचा जिना बाहेरून, गल्लीतून. गादी डोक्यावर घेऊन निघालो. आभाळ जरा भरलेलं, म्हणजे भरलेलं म्हणण्यासारखंही नाही, आपलं रोजचं मळकट. समोर बेलेन अंगण झाडत होती. बेलेन म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. अंगानं भरलेली, मनानं त्याहून भरलेली, पण एकदा डोक्यात काही घेतलं की झालं.

"कुया पोन्सिंग, गादी वर?"

"हो गं."

गादी टाकून खाली आलो, तांदळाचं पोतं पाठीवर घेतलं. झाडू थांबला.

"तांदूळपण वर?"

"हो. कोपऱ्यात ठेवायचाय. आवाजासाठी."

"आवाज?" तिचा चेहरा बदलला. "कसला आवाज, कुया?"

"अगं, घुमतोय! मोठ्यानं घुमतोय, ढुम् ढुम् करतोय, कालपासून झोप नाही मला!"

झाडू पडला. मला तेव्हाही कळलं नाही, देवाशपथ. मी पोतं घेऊन वर गेलो, उशा मांडतोय, चादरी खिळ्याला टांगतोय, आणि खाली गल्लीत बेलेनचा आवाज: "नदी घुमतीये! कुया पोन्सिंगनं ऐकली! जहाजावरचा माणूस आहे तो, त्याला पाणी कळतं! गादी वर नेली! तांदूळ वर नेला! उठा!"

अहो, जहाजावरचा माणूस! मी भटारखान्यात होतो! मला पाणी कळतं ते भाताला किती घालायचं एवढंच!

मी गॅलरीत येऊन ओरडलो, "काही नाही! पूरबीर काही नाही! मी गाणं ऐकतोय!" तर खालून देलफिनची बायको नवऱ्याला म्हणते, "बघ कसा आहे बिचारा, आपण घाबरू नये म्हणून लपवतोय." झालं! जितकं नाही म्हणावं तितके लोक घाईनं सामान बांधतायत! आणि गल्लीत पक्का मजला फक्त माझा. पहिली बेलेन आली. आधी तिनं काचेच्या पेटीतला बाळ येशू वर आणला, मग तांदूळ, मग गादी, आणि मग आठवण झाली म्हणून नवरा. देलफिननं ते व्हिडिओकेचं यंत्र चौघांना लावून जिन्यानं चढवलं, 'कुया, जरा सरका', त्याच्यामागे चटया, पोरं, भाताचा कुकर, कुणाची तरी आजी खुर्चीसकट. आणि टोपलीतला एक झुंजीचा कोंबडा, जो आल्या आल्या माझ्या डाव्या स्पीकरकडे असा बघायला लागला जसा काही तो प्रतिस्पर्धी आहे!

मी दोनदा तोंड उघडलं सांगायला. खरंच उघडलं. आणि मग, तुम्हाला सांगतो… मिटलं. का मिटलं? अहो, खोली भरली होती! बेलेननं मला न विचारता माझा स्टोव्ह खालून वर आणून त्यावर भात टाकला. कुणीतरी सुकी मासळी तळायला घेतली, चुकीची, फार तापलेल्या तेलात, मी जाऊन आच बारीक केली. एक पोरगं माझ्या पायावर झोपलं. अहो, नुसतं झोपलं! ओळख ना पाळख! मी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

वाट बघायची म्हणजे काय करायचं? नदी काही दिसेना, पुराचा भोंगा काही वाजेना. देलफिन म्हणाला, "कुया, लावा की तुमचे ते बच्चे." माझी खुर्ची तर कधीच गेली होती, तिच्यात बेलेन बसलेली, बाळ येशूला मांडीवर घेऊन. मी दारात, भिंतीला टेकून. लावलं. तेच कुंदिमान.

आणि… ती आली.

आता हे कसं सांगू? बादली नाही. भिंती नाहीत. गिटारची तार एकदाच वाजली, जिथे वाजली तिथेच वाजली आणि तिथेच विरली. कोपऱ्यातला तो पोटदुख्या बास शहाण्या माणसासारखा येऊन तिच्या मागे उभा राहिला. आणि बाई? कोंबड्याच्या टोपलीच्या जरा वर, बेलेनच्या समोर, हवेत. ओठ उघडल्याचं ऐकू येतंय. श्वास ऐकू येतोय. भाड्याच्या यंत्रावर, चटयांवर, आजीवर, सगळ्यांवरून तो आवाज असा हात फिरवत गेला. कुणी बोलेना! तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीत कुणी बोलेना ही बातमी पुरापेक्षा मोठी आहे! आजी म्हणाली, "कोण आलीये? तिला बसायला द्या." बेलेननं हळूच हात पुढे करून बघितलं, समोर कुणी आहे का.

गाण्याचा शेवट आला. मी पहिल्यांदा ऐकला. ती शेवटी काही म्हणतच नाही हो, नुसती गुणगुणते. इतकी वर्षं मला वाटायचं, काय म्हणत असेल शेवटी! काहीच नाही. नुसतं हं… हं… आणि गिटार.

त्यात लिगायाचा फोन. मी तसाच घेतला. "पोन्सिंग? अरे, आज कुठे आहेस तू? आवाज किती छान येतोय तुझा… जवळ आल्यासारखा." म्हटलं, घरीच. "घरी? आणि ते कोण हसतंय?" म्हटलं, बेलेन. "बेलेन वरच्या खोलीत काय करतेय?" म्हटलं, माझ्या खुर्चीत बसलीये. टोरांटो गप्प. मग मी घाईघाईनं म्हटलं, अगं, तिचा नवरापण आहे, गादीवर! टोरांटो आणखी गप्प. शेवटी फोन देलफिनच्या बायकोकडे दिला, तिनं सांगितलं सगळं, मग पलीकडून लिगाया इतकी हसली, इतकी हसली, की खोलीभर ऐकू आली. तेही स्वच्छ! घुमलं नाही जरासुद्धा!

आणि मग तो घात झाला. ऊन पडलं.

लख्ख ऊन! बेलेनच्या नवऱ्याला राहवेना, तो नदीवर जाऊन आला. दारात उभा राहून म्हणाला, "नदी? नदीच्या मधोमध कुत्रं उभंय. पोटसुद्धा भिजलं नाही त्याचं!" सगळ्या माना माझ्याकडे. कोंबड्याचीसुद्धा! मी म्हटलं, मी सांगत होतो… "तुम्ही म्हणालात घुमतोय!" बेलेन म्हणाली. म्हटलं, स्पीकर गं, स्पीकर घुमत होता! तिनं स्पीकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय म्हणाली असेल? बरोबर! "स्पीकरला तर काही झालेलं नाही!"

निघाले. मी गाणं पुन्हा लावलं, म्हटलं एवढं ऐकून जा. कसलं काय! आणि तुम्हाला सांगतो, हे ऐकण्यासारखं होतं, एक एक जण जात होता आणि मला ऐकू येत होतं की जातोय! देलफिनच्या चटया गेल्या, गिटार पातळ झाली. आजी गेली, तिचा श्वास गेला, म्हणजे गाणाऱ्या बाईचा हो, आजी ठणठणीत आहे. पोरं गेली, तसा बास हळूच उठून कोपऱ्यात निघाला. ते यंत्र खाली गेलं, तिचे पाय जमिनीवरून सुटले. सगळ्यात शेवटी बेलेन उठली. कुया, भात ठेवलाय म्हणाली. ती उंबऱ्याबाहेर गेली आणि… बादली. माझी एक गादी होती तिथेच. तांदूळ होता कोपऱ्यात. एका माणसाची गादी किती आवाज पिणार?

मग काय, मी गेलो बोलवायला. दुसऱ्या दिवशी. घरोघर. म्हटलं, या की संध्याकाळी, गाणं ऐकायला. चहासुद्धा ठेवतो. देलफिन म्हणाला, कुया, गिऱ्हाईक आहे. बेलेन म्हणाली, जिना चढवत नाही हो. काल सगळ्यांच्या आधी धावत चढली होती! म्हटलं, हे असं नाही जमायचं. आपला धंदा काय? स्वयंपाक. मोठी कढईभर पान्सित केली, लांब शेवया, भाज्या, कोळंबी, वर लिंबू. वास गल्लीत सोडला. आले ना! सगळे आले! जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत. हातात डबे. "कुया, डब्यातच द्या, घरी टीव्ही चालू आहे." मी वाढत होतो आणि वर ती एकटी गात होती, बादलीत.

रागावलो नाही मी. कशाला रागावू? पूर असता तर आले असते. चांगली माणसं आहेत. पूर यावा असं म्हणणंही बरं नाही. म्हणजे… एखादा लहानसा… नाही, नाही, नाहीच.

तर परवा लिगायाचा फोन. "पोन्सिंग, इकडची थंडी काही संपत नाही. तूच ये. मायलीननं तुझे कागद केलेत." मी काय विचारावं? तिकीट? व्हिसा? मी विचारलं, "खाली जमिनीवर काय आहे?"

"कुठे?"

"तिकडे, तुमच्या बैठकीच्या खोलीत."

"गालिचा आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाय रुततात बघ."

"पडदे?"

"जाड. थंडी येऊ नये म्हणून."

"सोफा?"

"दोन. का रे?"

"पुस्तकं?"

"जावई नर्सिंगच्या परीक्षा देतोय, भिंतभर पुस्तकं! पोन्सिंग, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आणि माणसं, लिगाया? माणसं किती असतात खोलीत?"

"अरे, माणसंच माणसं! मी, मायलीन, जावई, जावयाची आई, बाळ… श्वास घ्यायला जागा नाही!"

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती खोली! गालिचा! पडदे! दोन सोफे! आणि माझी माणसं, सगळी, अशी पसरून बसलेली, आवाज पीत! म्हटलं, लिगाया, येतो! उद्या सांगितलंस तर उद्या येतो! स्पीकर हातात धरून आणतो, सामानात टाकत नाही!

ती म्हणाली, "स्पीकर? वेडा की काय! अरे, जावयाची रात्रपाळी असते, तो दिवसा झोपतो. बाळ आधी झोपतच नाही, आणि झोपलं की आम्ही शिंकतसुद्धा नाही. खालचा भाडेकरू जरा खुट्ट झालं की छताला काठी मारतो. इथे सगळे पाय न वाजवता चालतात. पण तू काळजी करू नकोस, मायलीननं तुझ्यासाठी आधीच हेडफोन आणून ठेवलेत. इतके छान आहेत म्हणे, की एकदा कानाला लावले की शेजारचा माणूससुद्धा ऐकू येत नाही!"

म्हणजे बघा. एवढ्या वर्षांनी माणसांनी भरलेली खोली मिळतेय. तर तिच्यात मधोमध जाऊन बसायचं… आणि कान झाकून घ्यायचे!

मी विचारलं, "रंग कुठला आहे?"